तीनदा बारसं

तिबिलिसीत, एलियावाच्या बाजारात, पत्र्याच्या शेडखाली,
जिथे बेअरिंगं किलोवर मिळतात
आणि नळाच्या तोट्यांशेजारी एक म्हातारी
तारखुनाच्या हिरव्या जुड्या मांडून बसते,
तिथे म्झेविनार तीन मीटर मागून घेते.

पिवळा एकशे ऐंशी लारी.
लाल नव्वद.
करडा चाळीस, आणि घासाघीस केली तर पस्तीस.

"पिवळ्याचं नाव जर्मन आहे," गोचा म्हणतो.
तो खोटं बोलत नाही.
नाव जर्मन आहे, एवढंच तो म्हणतो.

ती डोळे मिटते. तिघांच्या चकत्या एकेक करून फिरवते.
टक, टक, टक,
आणि विसाव्या घराला तोच हलकासा अडखळा,
पिवळ्यात, लालमध्ये, करड्यात.
मग खिशातून पेचकस काढते.

"उघडलास तर घ्यावा लागेल."
"न उघडता घेतला होता एकदा," ती म्हणते,
आणि बाही जराशी वर सरकवते.

तो डाग मी पाहिलेला आहे.
ग्लदानीची नऊमजली इमारत, लिफ्टचं पॅनल, तीनशे ऐंशी व्होल्ट.
मीटरवर छापलं होतं : सहाशेपर्यंत निर्धोक.
छापायला शाई लागते, बाकी काही लागत नाही.
मी टॉर्च धरून उभा होतो, शिकाऊ,
आधी उजेड दिसला, मग वास आला,
मग तिने अगदी शांतपणे मला सांगितलं,
खाली जा, मुख्य स्विच पाड, धावू नकोस, जिना ओला आहे.

तिने कंपनीला पत्र लिहिलं होतं.
सात आठवड्यांनी उत्तर आलं, सभ्य, दोन ओळींचं :
आम्ही उत्पादन करत नाही.
आम्ही फक्त नाव लावतो.

आता तिन्ही मीटर पाठ उघडी टाकून गल्ल्यावर पडलेत.
एकच हिरवी पट्टी.
एकच काचेचा फ्यूज, लवंगेएवढा.
एकाच शब्दात एकच स्पेलिंगची चूक,
आणि कोपऱ्यात पांढऱ्या रेघांची एक चौकट,
खाली अक्षर आणि आकडा,
आत काहीच नाही.

"इथे एक भाग बसायला हवा होता," ती मला दाखवते.
"ज्याने आराखडा काढला त्याला ठाऊक होतं.
त्याने जागा सोडली.
नंतर कोणीतरी हिशेब केला."

बाळंतपण एकदाच, बारसं तीनदा,
आणि आजारी पडलं की
तिन्ही आत्या म्हणतात, आमचं नव्हेच ते.

गोचा चहाचा पेला पुसत राहतो.
"मग कुठला देऊ?"

मला वाटलं होतं ती उठून जाईल.
तिने पस्तीस लारी मोजले, करडा घेतला,
आणि तिथेच बसून, मुलीच्या नेलपॉलिशने,
त्याच्या छातीवर जाड लाल अक्षरांत लिहिलं :
फक्त बॅटऱ्या.
"हा वाईट नाही," ती म्हणाली,
"याला त्याची पायरी कोणी सांगितली नव्हती."

पॅनलसाठी ती डब्यात पैसे साठवतेय.
तो मीटर महाग आहे, दिसायला ओबडधोबड,
पण त्याचा नकाशा मिळतो, त्याचा फ्यूज सुटा मिळतो,
आणि मागच्या पत्त्यावर फोन केला तर
एक माणूस खोकतो आणि म्हणतो, बोला.
तोवर डेपोतला घ्यायचा, सही करून.

परतताना बसमध्ये तिच्या जॅकेटकडे माझं लक्ष गेलं.
खिशावर आमच्या कंपनीचं नवं बोधचिन्ह,
त्याच्या कडेखालून डोकावणारं जुनं,
आणि त्याच्याही खाली, धाग्यांच्या भोकांचा एक चौकोन.
पाच वर्षांत तीन मालक.
लिफ्ट त्याच, दोर तेच, पगार तोच.

तिने माझी नजर पाहिली.
"उघडून बघ की," ती म्हणाली,
आणि करडा मीटर मांडीवर घेऊन
खिडकीबाहेर नदीकडे पाहत राहिली.