कुंपणाखालची माती

टेबलावर आज दोन मुशी आहेत.
दोन्हींत दहा-दहा ग्रॅम, एकाच शेतातली माती:
एक मधल्या रानातली,
दुसरी तारेच्या कुंपणाखालची,
जिथं बाबांचा ट्रॅक्टर वळताना
वीतभर पट्टी कायम सुटून जायची.

ओस्टाप हृत्साक. सस्कॅचवानच्या सपाट मुलखात
सरळ तासासाठी नावाजलेला माणूस.
एक वर्ष गहू, एक वर्ष पड.
आणि पड म्हणजे उघडी, काळीभोर;
उन्हाळ्यात पाच पाळ्या,
तणाचं एक पातं दिसलं
तर रविवारी चर्चबाहेर लोक काय म्हणतील!
शेजारचा नेस्टर धसकटं तशीच ठेवायचा.
बाबा त्याला आळशी म्हणायचे,
तेही युक्रेनियनमध्ये, म्हणजे मनापासून.

वारा सुटला की ती काळी पड
आमच्या खिडक्यांच्या कडांवर येऊन बसायची.
आम्ही ओल्या फडक्यानं पुसायचो.
धूळ म्हणायचो तिला.

भट्टी साडेपाचशे अंशांवर, रात्रभर.
जे जळून जातं ते कधीतरी जगलेलं असतं:
मुळं, बुरशी, किड्यांच्या काती,
कुठल्याशा गवताचा एखादा जुना उन्हाळा.
उरतं ते खनिज. विटकरी, मुकं.

सकाळी वजन केलं.
मधल्या रानातली नऊ पूर्णांक सहा.
कुंपणाखालची जेमतेम नऊ.
जिचं जास्त गेलं, तिच्यातच जास्त होतं.
आकडे वहीत लिहिले,
आणि मूस पुन्हा एकदा तोलली, उगाच.

शेत आता भाची कालिना कसते.
नांगर लावत नाही. धसकटांतच पेरते,
गव्हामागून मसूर, मसुरामागून जवस,
मग दोन वर्षं लसूणघास.
मसुराचा बिवड गव्हाला मानवतो म्हणते.
मी तिला खोटं सांगत नाही:
बारा वर्षांत वरच्या दोन बोटांत फरक पडलाय.
त्याखाली अजून बाबाच आहेत.

रविवारी वृद्धाश्रमात
दोन्ही बरण्या घेऊन गेले.
बाबांना आता फारसं दिसत नाही.
पहिली हुंगली, खाली ठेवली.
दुसरी बराच वेळ नाकाशी धरून बसले.
"हा वास," म्हणाले,
"लहानपणी यायचा.
वडिलांच्या नांगरामागून चालताना."

ही कुठली, ते सांगितलं.
झाकण लावता लावता म्हणाले,
"तिथं मी जरा लांबूनच वळायचो.
तार तुटली असती."