दुसरं कुत्रं

सावळजच्या उपकेंद्रात
ओवीच्या दंडात सुई टोचून
मंदाकिनी सिस्टर म्हणाल्या,
रात्री ताप येईल. येऊ दे.

आला.

बेदाण्याच्या शेडकडून एक कुत्रं भुंकलं.
आळीनं कूस बदलली, उठलं कुणी नाही.
मग ओढ्याकडनं दुसरं भुंकलं
आणि पटापट दिवे लागले,
काठ्या, बॅटऱ्या, कुणाच्या एकाच पायात चप्पल.

तिच्या पेशींच्या वेशीवरही
एकजण कापड ओळखतो,
दुसरा खिशातली चिठ्ठी.
एकट्याचं कोण ऐकतं?

तिसऱ्या दिवशी न्हाऊ घालताना
काखेत हरभऱ्याएवढी गाठ लागली हाताला:
चावडी भरली होती.

चोर नव्हताच.
नुसता त्याचा सदरा
आम्हीच टाकला होता कुंपणावर,
खिशात चिठ्ठी ठेवून.

सदरा विरेल.
वास राहील ध्यानात.