टोकन नंबर एकोणचाळीस

बॅलार्ड पिअरच्या कचेरीत
बाई न बघता विचारतात,
मागच्या फेरीत काही विशेष?
फॉर्मात त्यासाठी एकच ओळ.

मी इब्राहिम परकार, सुकाणी, राहणार माझगाव.
चौदा जणांना वर घेतलं आम्ही, बाई.
पंधरावी
दोरीच्या शिडीची तिसरी पायरी चढली होती.
तिचा हात माझ्या हातात होता,
डिझेलनं बुळबुळीत.

रबरी होडीत एकूण किती, कुणाला ठाऊक.
कप्तानानं कंपनीला विचारलं, कंपनीनं विमावाल्यांना,
त्यांनी कुठल्याशा बंदराला.
तोवर वारा फिरला.

वाचलेल्यांत एक भूगोलाचे मास्तर होते.
चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाले,
नकाशा मला येतो हो, विमानाचा रस्ताही.
पण व्हिसाची कचेरी बंद, दूतावासाला कुलूप.
एखादी खिडकी असती,
तर वर्षभर उभा राहिलो असतो रांगेत,
बायकोसकट.

बायको कुठली, ते मी विचारलं नाही.

घरी आल्यापासून न्हाणीत साबण निसटला
की मी मोरीत हात घालून शोधत बसतो.
आमची ही म्हणते, अहो, दुसरा घ्या.

बाई, तुमच्या या काचेला खाली फट आहे,
जेमतेम एक कागद सरकेल एवढी.
एवढीच मागत होते ती माणसं.

ओळ भरली नाहीत, त्या म्हणतात,
आणि शिक्का मारतात.
चाळीस.