खाडा

चोपड्याच्या वाचनालयात दुपारी दोनला
पंखा एकाच बाजूला वारा टाकतो.
त्या बाजूला बसून मी वाचते आहे
एका बेटावरच्या कविता,
हिंदीतून, तिसऱ्या हाताने आलेल्या,
थोरल्या बहिणीची चप्पल येते तशा.

बेटावर ऊस होता. उसासाठी माणसं
जहाजाच्या तळात रचून आणली होती.
त्यांच्या हाताचं एक अक्षर उरलं नाही.
म्हणून तिथले कवी
मालकांच्या जाहिराती चाळत बसतात:
पळाला आहे. उंची मध्यम. खांद्यावर डाग.
हसताना पुढचा दात पडलेला दिसतो.

पकडायला निघालेल्यानेच लिहून ठेवलं
की तो हसायचा.
एक कवयित्री त्या दातापाशी
अकरा पानं थांबली आहे.

मी उठते.
मागच्या खोलीत पोतं आहे,
मालकांच्या नातवाने शेत विकताना
इथे आणून टाकलेल्या चोपड्यांचं.
लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या.

जामसिंग जुगला भिल. सालदार.
आखाजी ते आखाजी, रुपये नऊशे.
दादर चार मण. धोतरजोडी एक. वहाणा.
मागली उचल पुढे ओढली.
खालच्या ओळीत बैल पवळ्या, ढेप दोन पोती.

बेट वेगळं. कळतं मला.
बाला कुणी विकलं नव्हतं.
रात्री तो घरी यायचा,
कळण्याची भाकर मिरचीच्या ठेच्याशी खायचा,
आखाजीला दुसरा मालक धरायची
त्याला मुभा होती,
उचल फिटली तर.
पवळ्या मात्र दोनदा बदलला.

माझी जन्मतारीख एक जून.
मास्तरांनी लिहिली, वर्गातल्या अर्ध्या पोरांची तीच.
बाला विचारलं की म्हणायचा,
तू जलमनी त्या दिन मी कामले गऊ नही.
बस, एवढंच. तारीख कसली, वार कसला.

बोट फिरवत येते शेवटच्या रकान्यापाशी.
खाडे.
श्रावणात एक. भादव्यात तीन, लागोपाठ, हिवताप असणार.
कार्तिकात कोरं.
पौषात दोन: वद्य चौथ, वद्य अकरस.
आई सांगते, हरभऱ्याला घाटे धरले होते.

म्हणजे पौषच.
दोनातली एक मी.
कोणती, ते वहीत नाही.
दोन्हींपुढे तांबड्या शाईत
वजावट सारखीच, अडीच रुपये.

हिशेबनिसाचं अक्षर सुरेख आहे,
हे कबूल करायला मला वेळ लागतो.
अकरसचा अ त्याने जरा लांब ओढलाय,
टाक अडला असेल,
किंवा कुणी दारातून हाक मारली असेल.
मी तिथेच थांबते.

पाच वाजता ग्रंथपाल खिडक्या लावतात.
दोन्ही पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवते.
हे नेणार? ते चोपडीकडे बघतात,
मग नंबर नसलेल्या पुठ्ठ्यावर
शिक्का मारतात:
सात दिवसांत परत.
उशीर झाल्यास रोजचा एक रुपया कापला जाईल.