शंकास्पद मतपत्रिका

सॉल्टरबीची मतमोजणी व्हायची नगरपालिकेच्या तरणतलावावर,
पाणी न उपसता, वर फळ्या अंथरून.
रात्रभर पायाखाली क्लोरिनचा वास, आणि मध्येच
कुठेतरी एक बुडबुडा.

बँकेतल्या आम्ही आठ मुली. नोटा मोजणारी बोटं
मतंही भराभर मोजतात, असं टाउन क्लार्कचं म्हणणं.
सासष्ट साली मी एकोणीस वर्षांची, अंगठ्यावर रबरी टोपण,
आणि लाल पक्षाचे गठ्ठे इतके उंच
की समोर बसलेली डोरीन दिसेना.
"लाल फीत बांधून गाढव उभं करा, तेही येईल निवडून,"
असं आमचे बाबा म्हणायचे,
आणि दर वेळी जाऊन गाढवालाच मत द्यायचे.

अडुसष्टच्या जानेवारीत 'कॉन्स्टन्स' आइसलंडकडे गेली.
चौदा माणसं. काठाला एक फळकूटसुद्धा लागलं नाही.
चौकशी बसली, उठली.
अहवालाचं शेवटचं पान: कारण अज्ञात.

सत्तर साली माझ्या गठ्ठ्यात एक मतपत्रिका.
तिन्ही नावांवरून आडवं, पेन्सिलीनं:
कॉन्स्टन्स कुठे आहे?

नियम असा, की शंकास्पद मत
निर्वाचन अधिकारी सगळ्या उमेदवारांपुढे धरतो,
प्रत्येकानं ते वाचायचं, मान हलवायची,
मग शिक्का: बाद.
लंडनला सहा पत्रं धाडून झाली होती तिची.
त्यांना वाचावाच लागेल असा कागद
तिला शेवटी सापडला होता.

तिची म्हणते, कारण दर गुरुवारी
ती माझ्याच खिडकीवर यायची. ॲग्नेस पॉसल्थवेट.
आडनावात दोन 'टी', दोन्ही फुलीसारखे.
गुप्ततेची शपथ घेतली होती मी.
पैसे मोजून दिले, पावसाबद्दल बोलले.

चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी. तीनदा फेरमोजणी,
पहाटेचे साडेपाच, निळे पुढे एका मतानं.
लाल उमेदवार कथबर्ट रिग, तेरा वर्षांचा खासदार,
त्यानं तिचा कागद दिव्याकडे धरला.
त्याला बोटीच्या नावातला 'टी'
आपल्या चौकटीत सरकलेला दिसला.
मान्य झालं असतं तर चिठ्ठ्या टाकाव्या लागत्या.
अधिकाऱ्यानं चष्मा पुसला.
"साहेब, ही फुली नाही. हा प्रश्न आहे."
रिग कागद खाली ठेवेना.
मला वाटतं, तेवढ्यात त्यानं तो पहिल्यांदा वाचला.

ऑक्टोबरात तो परत निवडून आला, आठशे मतांनी.
मग निळे, निळे, निळे. त्या काळात गोदी बंद झाली,
बर्फाचा कारखाना गेला, माशांच्या लिलावाच्या जागी
गालिच्यांचं दुकान. ब्याण्णवला तिचा कागद आला नाही;
मी डोरीनचे गठ्ठेही चोरून चाळले.
(खुब्याचं हाड मोडलं होतं, नंतर कळलं.)
सत्त्याण्णवला लाल लाट, आणि तो होता,
अक्षरं भिंतीला धरून चालणाऱ्या माणसासारखी.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात तिला पुरलं.
चर्चमध्ये अकरा जण. मी मागच्या बाकावर.

दोन हजार एक. बॉलपेननं, जाड, गोल, शाळकरी वळणाचं:
कॉन्स्टन्स कुठे आहे?
दोन हजार पाचला दोन.
एकोणीसला चार, त्यातल्या एकात स्पेलिंग चुकलेलं.
नवा निळा उमेदवार, चकचकीत बुटांचा पोरगा,
विचारत होता, "ही कॉन्स्टन्स कोण बाई?"
कुणी काही बोललं नाही. खाली बुडबुडा आला.

मग सीमा आखणाऱ्यांनी नकाशातून सॉल्टरबी पुसलं.
आता आम्ही एल्डरडेल आणि पश्चिम उपसागर;
मोजणी चाळीस मैलांवर, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये,
तरुण बोटांनी.

मला फक्त मत द्यायचं होतं.
शाळेत प्लायवुडचा तोच आडोसा,
दोरीला बांधलेली तीच बोथट पेन्सिल. सहा नावं.
मी जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन,
बाहेर रांगेत कुणीतरी खाकरलं.