एका हाताची जागा

प्लंबर म्हणाला, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी,
आणि आकडा असा सांगितला
की फोन ठेवून मी आधी चहा केला.
मग पाना आणला. लांब दांड्याचा, टोकाला चिमटा.
दुकानदार म्हणाला, ह्याला जगात दुसरं काही काम नसतं.
शनिवारी मलाही नव्हतं.

टबाची फळी काढली. चार स्क्रू, तीन गंजलेले.
आत अंधार, मेलेला कोळी,
कुणाचा तरी दाढीचा ब्रश, केस झडलेला,
आणि पार मागे, भिंतीला चिकटून,
दोन नट. गरम. गार.
ज्याने हा टब बसवला त्याने आधी तोट्या आवळल्या,
मग टब भिंतीत सारला आणि गेला,
शिट्टी वाजवतच गेला असणार.
एक हात जाईल एवढी जागा.
हात आत गेला की डोळा बाहेर,
डोळा आत गेला की हात बाहेर.

कॉक बंद केला. माळ्यावरची टाकी रिती केली.
पाइपाने शेवटचा आवंढा गिळला.
पाठीवर आडवी झाले मी, एक्कावन्न वर्षांची,
शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचे बटाटे उकडणारी,
आणि खांदा अडकला.
पुढेही नाही. मागेही नाही.
श्वास माझ्याच तोंडावर परत येऊ लागला.

वर, कमोडच्या झाकणावर, वडील.
एम्लिन प्यू, वय एक्क्याऐंशी,
गुडघे खाणीतच ठेवून आलेले.
त्यांना काम एकच दिलेलं : तोटी वरून घट्ट धरा,
नटाबरोबर ती फिरायला नको.

"नेरिस," ते म्हणाले, "जागेशी भांडू नकोस.
आधी श्वास सोड. सगळा.
आता खांदा खाली टाक, जमिनीला देऊन टाक.
उरलेलं अंग त्याच्या मागून येतं."

घरात हे कधी बोलले नव्हते.
बावीस इंचांचा थर, एका कुशीवर अख्खी पाळी,
हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलेलं, चित्रासकट.
चित्रातला माणूस हसत होता.

मी खांदा टाकला.
गेले आत.

"डावीकडे फिरवू की उजवीकडे?"
"सैल होईल ती डावी."
नट हलेना. चुन्याचा पापुद्रा डोळ्यात पडला.
तेल सोडलं, थांबलो.
थांबताना हवेबद्दल बोललो, ते वरून, मी खालून,
मग शेजारच्या डायच्या कुत्र्याबद्दल,
मग खिडकीतल्या डोंगराबद्दल, जो डोंगर नाहीच,
खाणीतून उपसलेला ढीग, आता गवत आलेला.
मग काहीच नाही.
पान्यातून काहीतरी बारीक थरथरत माझ्या मनगटात येत होतं.
आधी वाटलं, पाणी.
त्यांची बोटं होती.
त्यांचा हात कधी धरल्याचं आठवत नाही.
आत्ताही धरला नव्हता, मध्ये वीतभर पितळ होतं.

मग कर्र.
"सुटला!" ते माझ्याआधी म्हणाले.

नवी तोटी दोनदा बसवली.
पहिल्यांदा वॉशर माझ्या खिशातच राहिला होता,
त्यावर ते इतके हसले की खोकला लागला.
सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळून पाणी सोडलं.
कोरडा.
अजून कोरडा.

"गारचं आज नको," ते म्हणाले, "माझी बोटं संपली.
आणि बाहेर येताना घाई करू नकोस.
माणूस आत जाताना नाही अडकत."

तेव्हापासून टबावर एक तोटी लखलखीत
आणि एक हिरवट, ठिबकणारी.
पाहुणे विचारतात. प्लंबरने फोन केला, त्याला नको म्हटलं.
दर शनिवारी वडील जिन्याखालून हाक मारतात :
गारचं कधी?
मी म्हणते, तेल मुरू द्या अजून.