भर

मे उजाडला तरी जमीन घोट्याला गार लागते.
फावड्याच्या मोडक्या दांड्याने मी भोकं पाडते,
वीतभर खोल. प्रत्येकात एकच रोप,
पेन्सिलीएवढं, मुळं कात्रीने कापलेलं.
माती लोटायची नाही, नुसतं पाणी ओतायचं,
हवी तेवढी माती पाणीच आत घेऊन जातं.
हे मला वडिलांनी शिकवलं नाही. ते शिकवत नसत.
मी कुंपणावर बसून पाहिलं होतं.

आमच्या गावात पुरुष जमिनीतून दोनच गोष्टी काढत:
कोळसा आणि लीक.
कोळसा सरकारचा. लीक ज्याचा त्याचा.

पाळी सुटली की राल्फ हेडली, माझे वडील,
पापण्यांतलं कोळशाचं काजळ तसंच ठेवून
थेट वाफ्याकडे जात.
पिंपात मेंढ्यांच्या लेंड्या, उरलेली बिअर,
आणि आणखी काहीतरी,
ज्याचं नाव आईलाही ठाऊक नव्हतं.
त्यांचे लीक आखूड, गरगरीत, मनगटाहून जाड.
सप्टेंबरात क्लबाच्या टेबलावर तीन-तीन मांडत,
सारख्या अंगाचे, धुऊन पुसून, जणू बारशाची बाळं,
आणि परीक्षक घनइंच मोजत.
एका वर्षी सोफा मिळाला, एका वर्षी धुण्याचं यंत्र.
मी ज्या गादीवर झोपे ती दुसऱ्या क्रमांकाची होती.

शेवटचे पंधरा दिवस ते शेडमध्येच निजत,
रात्री येऊन कुणी पाती चिरू नये म्हणून.
असाच एक लीक चिरला गेला होता कधीतरी,
तेव्हापासून नेड चार्लटनशी अकरा वर्षं अबोला.

मग संपाचं वर्ष.
मार्चपासून खाण बंद. वडील पहिल्यांदाच
सबंध उन्हाळा उजेडात.
काय माजले लीक त्या साली!
सगळं गाव म्हणे, या खेपेला राल्फच.
आई हॉलच्या स्वयंपाकघरात दोनशे पानं वाढायची,
सोमवारी बटाटे, मंगळवारीही बटाटेच.
ऑगस्ट सरता सरता एका संध्याकाळी
ती वाफ्यापाशी येऊन उभी राहिली.
बोलली काही नाही. हातात रिकामा टोप.
वडील मोजपट्टी गुंडाळत राहिले,
उलगडत राहिले,
पुन्हा गुंडाळत राहिले.
मग खिशातून सुरी काढली.

हॉलच्या मागच्या दाराशी नेड आधीच बसला होता,
ढकलगाडीत त्याचे स्वतःचे, मुळांसकट.
लीकच्या पदरापदरांत माती असते,
उभा चिरून वाहत्या पाण्याखाली धरावा लागतो.
एकाच नळाखाली दोघांचे हात.
बऱ्याच वेळाने नेड म्हणाला,
"तुझेच जिंकले असते."
वडील म्हणाले, "हो."
एवढंच.

प्रदर्शनाच्या लीकला चव नसते म्हणतात.
खरं आहे. सूप पाणचट होतं.
मी दोन वाट्या प्यायले.

त्यांची वही आता माझ्याकडे आहे.
वर्षवार रकाने: लावणी, पाऊस, घनइंच.
पिंपातल्या त्या तिसऱ्या गोष्टीचा कुठेही उल्लेख नाही.
त्या सप्टेंबरपुढे पेन्सिलीने लिहिलंय:
मोजले नाहीत.

मी लावते ते लांबडे, घरच्या रश्शापुरते.
दांडा वाढेल तशी बुडाशी भर घालायची,
म्हणजे तो अंधारात राहतो आणि पांढरा होतो.
वडील एकतीस वर्षं अंधारात राहिले,
त्यांच्या छातीच्या फोटोत उलटं झालेलं दिसलं.
डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं,
मी पदर मोजत बसले.

पलीकडच्या घरातला सहा वर्षांचा टोबी विचारतो,
भोकं उघडीच का ठेवलीस?
मी म्हणते, झारी भरून आण.
आणि जुलैत ये.
भर घालायची आहे.